वटवाघळाची गाडी आणि आपली शकुंतला

राजेहो, आधी एक हिशोब बघा. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात महिंद्र कंपनीनं आपल्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीची 'बॅटमॅन एडिशन' काढली. गाडी बनते आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला. आधी ३०० च काढायच्या होत्या, मागणी बघून ९९९ केल्या. २३ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि १३५ सेकंदांत सगळ्या संपल्या. किंमत २७ लाख ७९ हजार. आपल्या मेसमध्ये रविवारच्या फीस्टला पहिली पंगत बसायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या आकड्याची. हीच गाडी, हीच ७९ किलोवॅट-अवरची बॅटरी, पण वटवाघूळ नसलेली, तेव्हा २६ लाख ९० हजारांना मिळत होती. म्हणजे वरचा काळा रंग, दारावरची नक्षी, ठिकठिकाणी वटवाघळाच्या खुणा आणि आत नंबराची एक पाटी, या सगळ्याचे वेगळे ८९ हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. भागाकार करा. एका वटवाघळाची किंमत अकरा क्विंटल कापूस!

आता कोणी म्हणेल, हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्याला काय त्याचं? मला वाटतं आपल्यालाच आहे. आपण इंजिनिअर होणार, आणि ज्या जिल्ह्यात होणार तो जिल्हा शंभर-सव्वाशे वर्षं कच्चा माल बाहेर पाठवून वर पक्का माल विकत घेतोय. तेव्हा हे ८९ हजार नेमके कशाचे, हे समजून घेणं हा आपल्या अभ्यासाचाच भाग धरला पाहिजे. सिलॅबसमध्ये नसला तरी.

सुपरहिरोच्या वस्तू दुकानात येतात तेव्हा त्यात तीन प्रकार असतात. एक म्हणजे त्याचा पुतळा, दुसरी त्याची गाडी आणि तिसरा त्याचा अड्डा. पुतळा एकदा कपाटावर ठेवला की संपला. गाडी मात्र हातात घेऊन टेबलावरून फिरवता येते. अड्ड्यात ती गाडी लावता येते. म्हणजे गोष्ट पुढं चालू ठेवायची सोय या दोन वस्तूंत असते.

बॅटमॅनचंच बघा. हा गडी १९३९ साली कॉमिकमध्ये आला तेव्हा साधी लाल मोटार चालवायचा. 'बॅटमोबाइल' हे नाव १९४१ साली आलं, आणि गुहा १९४३ च्या चित्रपट-मालिकेतून. त्याच्या अंगात कुठलीच दैवी शक्ती नाही, म्हणून त्याला गाडी लागते, हत्यारं लागतात, ते सगळं दुरुस्त करायला तळघरातलं वर्कशॉप लागतं. थोडक्यात, तो आपल्या ब्रँचचा माणूस आहे! १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी जॉर्ज बॅरिस या कारागिरानं नवीन गाडी बनवली नाही. १९५५ सालची लिंकन फ्युचुरा नावाची एक नमुन्याची गाडी पडून होती, तिलाच कापून-जोडून, शेपूट-पंख वाढवून त्यानं बॅटमोबाइल केली. पुढं २०१३ च्या लिलावात ती गाडी सेहेचाळीस लाख डॉलरच्या घरात गेली. इंग्लंडच्या कॉर्गी कंपनीनं १९६६ मध्येच तिचं हातभर नाही, बोटभर लांबीचं धातूचं मॉडेल काढलं. नाकातून साखळी कापायचं पातं बाहेर येतं, मागून रॉकेट उडतात. काही वर्षांत ते पन्नास लाखांच्या आसपास विकलं गेलं.

२००५ च्या चित्रपटातल्या 'टंबलर'ची कथाही अशीच. दिग्दर्शक नोलान आणि कलादिग्दर्शक नेथन क्राउली यांनी गॅरेजमध्ये बसून बाजारात मिळणाऱ्या मॉडेल-किटचे तुकडे एकमेकांना चिकटवत तिचा आकार शोधला. आधी हातातलं खेळणं, मग खरी अडीच टनांची धावणारी गाडी, आणि मग पुन्हा तिचं खेळणं. प्रोटोटाइप म्हणजे काय, हे याहून सोपं कोणी शिकवलेलं मला आठवत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. १९७४ मध्ये स्पायडरमॅनलाही गाडी दिली गेली, 'स्पायडर-मोबाइल'. कारण काय, तर खेळणी बनवणाऱ्यांना ती हवी होती. अरे, पण जो माणूस जाळ्याला लोंबकळत इमारतींवरून जातो तो न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घेऊन काय करेल? तिची आजपर्यंत थट्टाच होते. आपल्या लहानपणीचा शक्तिमानही गोल फिरून पोचायचा, त्याला गाडीची गरजच नव्हती. म्हणजे वस्तूवर नुसतं नाव चिकटवून भागत नाही. त्या गोष्टीत ती वस्तू खरोखर कामाची असावी लागते. माझ्या मते ८९ हजारांचं खरं उत्तर इथं आहे. लोक रंगाचे पैसे देत नाहीत, त्या वस्तूनं गोष्टीत जे काम केलं त्याचे देतात.

ही अक्कल आपल्याला परदेशातूनच यायला हवी होती असंही नाही. आपल्याकडे तर प्रत्येक देवाला वाहन आहे आणि प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरचे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. लाकडाचा नंदी, खाली चाकं, गळ्यात दोरी. पोरं त्याला सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाएवढे मोठे नंदी निघतात. कित्येक घरांत आजोबांचा नंदी नातू ओढतो. एका पिढीनं दुसरीच्या हातात दिलेली चाकांवरची वस्तू! संग्राह्य वस्तू म्हणतात ती आणखी काय असते?

तिकडे पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत पोरं माती-विटांचे किल्ले करतात, वर हळीव पेरतात, मातीचे मावळे मांडतात. महाराजांना सुपरहिरो म्हणणं म्हणजे त्यांना लहान करणं, ते मी करणार नाही. पण ठिकाण हातानं बांधून त्यात गोष्ट मांडायची ही रीत कुठल्याही परदेशी खेळण्यापेक्षा सरस आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, विजयदुर्ग यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आता त्यांची मॉडेलं नक्कीच निघतील. ती मापानं बनतील की साच्यातल्या ढेकळासारखी, हा प्रश्न आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं म्हणाल तर त्याच्या नावातच वेग आहे आणि तो वेग सायकलचा. पण ती सायकल मॉडेल म्हणून कोणाच्या टेबलावर ठेवलेली मी तरी पाहिलेली नाही.

असो. आता मुद्द्यावर येतो. आपल्या यवतमाळची बॅटमोबाइल कोणती?

मी म्हणतो, शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, नॅरोगेज, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला तो आपल्या सोयीसाठी नाही, आपला कापूस मुख्य लाइनपर्यंत नेऊन पुढे मुंबईमार्गे विलायतेला पाठवण्यासाठी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं. ते १९२३ पासून धावायला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. सत्तर वर्षं! नंतर डिझेल इंजिन लागलं, पुढे गाडीच बंद झाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेजचा टप्पा सुरू झाला. नवी गाडी यायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण दारव्हा, कारंजाकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसासमोर शकुंतलेचं नाव काढा, तो अर्धा तास बोलतो. फाटक उघडायला गाडीचेच लोक खाली उतरायचे, गाडी ताशी वीसेक किलोमीटरनं जायची. ज्या वाहनानं इतक्यांना लग्नाला, बाजाराला, कोर्टाला आणि कॉलेजला नेलं, त्याला गोष्ट चिकटवावी लागत नाही. ती आहेच.

आणि या गोष्टीत एक टोचणारी गंमतही आहे. मँचेस्टरचं इंजिन इथं येऊन आपला कापूस घेऊन जायचं आणि त्याचं कापड होऊन परत आपल्यालाच विकलं जायचं. आज वटवाघूळ अमेरिकेचं, गाडी चाकणची, आणि आपण अकरा क्विंटल मोजत बसलोय.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. पुढच्या गॅदरिंगला पाहुण्यांना सोनेरी प्लॅस्टिकचा कप देऊ नका. आपल्या वर्कशॉपमध्ये बनलेलं शकुंतलेचं मॉडेल द्या, आणि उरलेले नग माजी विद्यार्थ्यांना विका.

गणित मी करून पाहिलं. छोट्या मोटारींचं नेहमीचं प्रमाण असतं १:६४. त्या मापात ७६२ मिलिमीटरचं गेज जवळजवळ १२ मिलिमीटर होतं. मॉडेल रेल्वेवाल्यांकडे १२ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, म्हणजे ज्याला चालवायचं तो चालवू शकेल. (अख्खा मार्ग त्या मापात मांडला तर पावणेदोन किलोमीटर भरेल. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मावणार नाही, वॉर्डन सरांनी काळजी करू नये.) इंजिनाचं अंग सागवानाचं करायचं. आपल्या जिल्ह्यात सागाला तोटा नाही आणि फर्निचरवाल्यांकडे बोटभर तुकडे चुलीत जातात. चाकं लेथवर. चिमणी आणि बारीक भाग थ्री-डी प्रिंटरवर. मागं मालडब्याला छोट्या गाठी, आणि त्यात खराखुरा आपल्या शेतातला कापूस. खोका असा की उघडला की त्याचंच स्टेशन व्हावं, फलाट आणि वर 'यवतमाळ' ची पाटी. बॅटमॅनला गुहा, शकुंतलेला स्टेशन. नग काढायचे फक्त ११३, किलोमीटरमागे एक, प्रत्येकावर नंबर. ९९९ वाल्यांकडून एवढं तर शिकलोच!

फर्स्ट इयरला आपण सगळे सुतारी शॉपमध्ये लॅप जॉइंट करतो, फिटिंग शॉपमध्ये पत्रा घासून घासून चौकोन करतो. जर्नलवर सही झाली की तो जॉब कोपऱ्यातल्या ढिगात. त्याऐवजी त्याच तासाला डब्याची एक बाजू, एक चाक, एक धुरा बनला तर बिघडलं काय? मेकॅनिकलनं ड्रॉइंग करावं, कॉम्प्युटरवाल्यांनी सॉलिड मॉडेल, टेक्सटाइलवाल्यांनी गाठी आणि पिशवी. मापाला टॉलरन्स लागेल, एकाचं चाक दुसऱ्याच्या धुऱ्यावर बसावं लागेल. अदलाबदल होणारे भाग म्हणजे काय, हे व्हायवाला पाठ करून सांगावं लागणार नाही.

मी हे रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला, "कोण घेईन बे तुही बंद पडेल गाडी?" प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की आपल्याला लाखो गिऱ्हाईक नकोच, ११३ हवेत. यवतमाळ सोडून पुणे, हैदराबाद, अमेरिका गाठलेले आपलेच सिनिअर त्याहून कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर गावाचं काही नाही.

दुसरा म्हणाला, "शकुंतला कायले? बॅटमोबाइलच प्रिंट करू, धडाधड खपन." इथं थांबा. स्वतःपुरता खेळ वेगळा आणि विक्री वेगळी. २०१५ साली अमेरिकेतल्या अपील कोर्टानं बॅटमोबाइलच्या नकला बनवून विकणाऱ्या एका गॅरेजवाल्याविरुद्ध निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं असं की ही गाडी नुसती वस्तू नाही, बॅटमॅनसारखंच ते एक पात्र आहे आणि त्याचे हक्क कंपनीचे आहेत. विकायचं तर परवाना लागतो, महिंद्रनंही तो रीतसर घेतला. शकुंतलेला असा कोणी मालक आडवा येत नाही. मात्र आपण जो नवा खोका, जी नवी रचना करू, ती आपली राहावी यासाठी डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० खाली नोंद करावी लागेल, तीही बाजारात दाखवण्याच्या आधी. आधी दहा वर्षं आणि मग पाच, असं संरक्षण मिळतं. नोंद न करता पन्नासच्या वर नग यंत्रावर काढले की त्या आकारावरचा कॉपीराइटही जातो, असं आपल्याकडचा कायदा सांगतो. आपण ११३ काढणार, म्हणजे हे आपल्याला लागू आहे.

आणखी एक. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विभागाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आपलं मॉडेल मोठ्यांसाठी ठेवावं, पोरांसाठी नाही. पण तान्ह्या पोळ्याचे नंदी करणाऱ्या सुतारांची ही नोंदणी करून देणं हे एनएसएसच्या एका कॅम्पचं काम होऊ शकतं. ते हात वर्षात एक महिनाच भरलेले असतात. वर्कशॉपमधल्या सरांची परवानगी असेल तर त्यांनाच बोलावू. रंधा कसा धरायचा ते त्यांच्याकडून शिकू आणि त्यांना लेथ दाखवू.

शेवटचा आक्षेप जरा जड आहे, तो टाळून चालणार नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर काढलं की लोकांना आधी शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी यंदाच्या कापसाचं काय होणार हीच चिंता असते. अशा ठिकाणी खेळण्यांचं काय घेऊन बसलास, असं कोणी विचारलं तर राग यायचं कारण नाही. खेळण्यानं कापसाला भाव मिळणार नाही, हे मला कळतं. पण भाव ठरतो तो माल कच्चा असताना की पक्का झाल्यावर, एवढं तरी आपण शिकायला पाहिजे. मूठभर कापूस गाठ होऊन त्या छोट्या डब्यात बसला, डबा नंबर घालून खोक्यात गेला, खोक्यावर आपल्या गावाचं नाव आलं, की त्या मुठीची किंमत वजनावर राहत नाही. हे एकदा आपल्या हातानं होताना पाहिलेला इंजिनिअर पुढे सूत काढेल, कापड काढेल, यंत्र काढेल, पण कच्चं पाठवताना दोनदा विचार करेल. मला तेवढं पुरे आहे.

तर काम सोपं आहे. पहिलं म्हणजे मापं. इंजिनाची, डब्यांची, स्टेशनची जुनी चित्रं, फोटो, तिकिटं, जे कोणाच्या घरी असेल ते आणा. आजोबा-आजींनी शकुंतलेतून प्रवास केला असेल तर त्यांच्याशी बोलून दोन पानं लिहून आणा, ती खोक्यातल्या माहितीपत्रकात जातील. स्टाफपैकी ज्यांनी स्वतः प्रवास केलाय त्यांनी तर आधी यावं, पोरं ऐकायला तयार आहेत. ड्रॉइंग हॉलमध्ये शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी पट्टी-पेन्सिल घेऊन बसणार आहे. चहा ज्याचा त्याचा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मुलांचे वसतिगृह)